चतुराबाईंच्या रेशमाचा बस्ता

दिनकररावांच्या शेरवानीला गुलाबी रेशमाचा हातभर धागा लोंबत होता, आणि तो त्यांच्याआधी साहेबांना दिसला. पुढचं सगळं रामायण एवढ्यावरून घडलं.

साल होतं फसली तेराशे बावन्न, म्हणजे इंग्रजी बेचाळीसची दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. निजामाचा अंमल. कचेरीत उर्दू, घरात मराठी आणि परभणीच्या बाजारात दोन्हींची खिचडी. महिन्यांची नावंसुद्धा कचेरीची वेगळी आणि घरची वेगळी. माणूस सकाळी बहमन महिन्यात कामाला जायचा आणि संध्याकाळी मार्गशीर्षात जेवायला यायचा, आणि यात कोणालाही काही अवघड वाटत नसे. आता कॅलेंडर एकच आहे, तरी लोक तारखा विसरतात.

दिनकरराव मूळचे पिंगळीचे, शेतकऱ्याच्या घरातले. उर्दू शिकून परभणीच्या एका कचेरीत चिकटले आणि चढत चढत मुहाफिज झाले. कोणती कचेरी ते सांगत नाही, कारण तिथल्या लोकांचे नातू अजून गावात आहेत आणि चांगले दणकट आहेत. मुहाफिज म्हणजे दफ्तरखान्याचा राखणदार. अकराशे अकरा बस्ते त्यांच्या ताब्यात होते. लाल खारव्यात बांधलेले, एकसारख्या गाठीचे, आणि प्रत्येकावर चार रकान्यांची चिठ्ठी. गाव, साल, अनुक्रम, आणि चौथ्या रकान्यात कागद किती वर्षं जपायचे ते. बारा वर्षं, तीस वर्षं, नाहीतर दवामी, म्हणजे कायमचे. मुदत संपलेल्या कागदांवर 'काबिले तलफ' असं लिहायचं, म्हणजे जाळायला हरकत नाही. पण जाळण्याआधी मुहाफिजाची सही पाहिजे, आणि सही करताना दिनकररावांचा चेहरा मुलगी सासरी पाठवल्यासारखा व्हायचा.

दफ्तरखान्याच्या दारावर त्यांच्याच वळणदार अक्षरात दोन नियम लावलेले होते. पहिला, दुपारी चारनंतर टेबलावर राहील तो बस्ता नोंदवून फळीवर चढवावा. दुसरा, फळीवर चढलेला बस्ता हुकुमाशिवाय खाली उतरणार नाही. या दुसऱ्या नियमापायी त्यांनी शेजारच्या व्यंकटराव वकिलांना, ज्यांच्या अंगणातून यांच्या घरी रोज ताक यायचं, त्यांच्याच वडिलांच्या जमिनीचा कागद पाहायला तीन वेळा हेलपाटा घालायला लावला होता. ताक बंद झालं नाही, पण पातळ झालं.

अशा माणसाच्या शेरवानीला गुलाबी धागा. साहेब हैदराबादचे, जुन्या घराण्यातले, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी तो धागा दोन बोटांत धरला आणि अदबीनं विचारलं, "दिनकररावसाहब, ये दफ्तर का है या घर का?" सगळी कचेरी कागदात डोकी घालून बसली आणि सगळ्यांचे खांदे हलत होते. दिनकरराव घरी आले ते निर्णय घेऊनच.

त्यांच्या पत्नी चतुराबाई भरतकामात नाव काढलेल्या. परभणीत एखाद्या घरी नवीन चोळीवर राघू बसलेला दिसला तर तो त्यांच्याच हातचा असायचा. पण त्यांचं रेशीम घरभर राहायचं. थोडं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, थोडं मक्याच्या रिकाम्या कणसावर गुंडाळलेलं, थोडं जुन्या पंचांगाच्या पानांत, आणि जे फारच लागायचं ते देवाच्या कोनाड्यात सुपाऱ्यांच्या पिशवीत. चतुराबाई बोलता बोलता हात घालायच्या आणि हवी ती लडी काढायच्या. सव्वीस वर्षांत त्यांना एकदाही शोधावं लागलं नव्हतं, पण ही गोष्ट दिनकररावांच्या ध्यानात यायची राहून गेली. त्यांना फक्त पसारा दिसला.

शिवाय लढाईचे दिवस होते. बाजारातलं रंगीत रेशीम दिसेनासं झालं होतं, आणि लाल लडी मागितली की दुकानदार आधी हसायचा आणि मग आपली दुःखं सांगायचा. असं मोलाचं सामान सुपारीच्या पिशवीत ठेवायचं म्हणजे काय, असा दिनकररावांचा सवाल होता.

लागोपाठ तीन शुक्रवार, म्हणजे कचेरीच्या सुट्टीचे दिवस, ते ओसरीवर चष्मा लावून बसले. व्यंकटराव कुंपणावरून बघायचे आणि सल्ला द्यायचे की मालकी आधी ठरवा, मग वर्गवारी करा. पलीकडच्या पार्वतीबाई सांगायच्या की लडीत कडुनिंबाचा पाला घाला. दुसऱ्या दिवशी त्याच सांगायच्या की पाल्यानं रंग उतरतो, कापूर घाला. दिनकररावांनी दोन्ही सल्ले ऐकून घेतले आणि आपल्याच पद्धतीनं काम चालवलं. एकेक लडी कागदाच्या पुडीत, पुडीवर रंगाचं नाव उर्दूत. सुर्ख, सब्ज, जर्द. चतुराबाईंना उर्दू येत नव्हतं, बाळबोध तेवढं अक्षराला अक्षर लावून वाचता यायचं. पण हा मुद्दा त्यांनी मांडला तेव्हा दिनकरराव म्हणाले की लेबल हे वाचणाऱ्यासाठी नसतं, रीत म्हणून असतं.

भांडण झालं ते आमसुली रंगावर. दिनकररावांच्या यादीत आमसुली नव्हता.

"सुर्खमधी घालतो," ते म्हणाले.

"आमसुल कुठं लाल असतंय?" चतुराबाई म्हणाल्या. "आन् ह्यो चिंतामणी कुठं चाललाय सब्जमधी? आमच्या सुयांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

चिंतामणी रंग धड निळाही नाही आणि धड हिरवाही नाही, त्यामुळे त्याचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही. दिनकररावांनी त्याच्यासाठी 'मुतफर्रिक', म्हणजे किरकोळ, अशी वेगळी पुडी केली, आणि असली पुडी केल्याबद्दल त्यांना स्वतःचाच थोडा राग आला.

शेवटी उरले तोकडे तुकडे. हातभर, वीतभर, चार बोटं, काही तर नुसते गाठींचे गुंते. चाळीसेक असतील. टाकून द्यावेत असं मनात आलं, पण ज्या माणसानं सव्वीस वर्षांत हुकुमाशिवाय कागदाचा कपटा जाळला नाही त्याचा हात कचऱ्याकडे वळेना. त्यांनी त्या सगळ्यांची एक पुडी बांधली आणि वर लिहिलं, काबिले तलफ. सही केली नाही. हुकूम कोणाचा घ्यायचा तेच ठरत नव्हतं.

आता हे सगळं बांधायला बस्ता हवा. कचेरीचा खारवा घरी आणणाऱ्यांतले दिनकरराव नव्हते. त्यांनी बाजारातून पदरच्या पैशानं तस्साच लाल खारवा आणला, कचेरीच्याच शिंप्याकडून तस्साच शिवून घेतला, आणि सवयीनं वर चार रकान्यांची चिठ्ठीही डकवली. गावाच्या रकान्यात लिहिलं पूर्णा. कारण त्यांची एकुलती एक मुलगी कमल पूर्णेला दिलेली, जावई रेल्वेत, कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि हे रेशीम येणाऱ्या बाळाच्या कुंचीसाठी लागणार होतं. साल १३५२. अनुक्रम एक. चौथा रकाना तेवढा रिकामा ठेवला. रेशीम किती वर्षं जपायचं याचा कुठं नियम नव्हता.

बस्त्याला खालीवर दोन पुठ्ठे हवेत म्हणून ते एका सकाळी तो कचेरीत घेऊन गेले. तिथला जिल्दसाज पुठ्ठे लावणार, आणि चपराशी मुंजाजी संध्याकाळी बस्ता घरी पोचवणार, असं ठरलं. पुठ्ठे झकास लागले. बस्ता टेबलावर आला. पण मुंजाजी धनगर घरातला, आणि तो माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेचा दिवस होता. रजा न घेता तो दुपारीच गाडीत बसला होता. आणि तीनच्या सुमारास पार्वतीबाईंचा निरोप आला की कमलला कळा सुरू झाल्या, लवकर या. दिनकरराव जोडे हातात घेऊन धावले. शेरवानी घालून धावणारा मुहाफिज परभणीनं तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

चार वाजले. त्यांचा मदतनीस बन्सीधर, नवीन लागलेला, बारीक चणीचा, दिनकररावांना देवासारखं मानणारा. त्यानं टेबलावर बस्ता पाहिला. अक्षर मुहाफिजसाहेबांचं. गाठ मुहाफिजसाहेबांची. आत डोकावला तर पुड्यांत रेशमाचे नमुने. सरहद्दीवरून चोरून आणलेल्या मालाचा करोडगिरीनं, म्हणजे जकात खात्यानं, केलेला एखादा खटला असावा, असं त्यानं धरलं. मग त्यानं दारावरचा पहिला नियम वाचला, नोंद केली, आणि बस्ता पूर्णेच्या फळीवर चढवला. बन्सीधरनं काहीही चूक केली नाही, हे दिनकरराव पुढं आयुष्यभर कबूल करत आले, पण दात खाऊन.

इकडं घरी मुलगी झाली. गोरीपान, केसाळ, आणि आवाज थेट दिनकररावांच्या आईचा. पाच दिवस घरात ओवा, शेपा आणि पाहुणे यांशिवाय काही नव्हतं. दिनकररावांनी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आठवड्याची रजा घेतली. बस्त्याची आठवण त्यांना एकदाही झाली नाही.

सहाव्या दिवशी सटवाई पुजली. सटवाईनं बाळाच्या कपाळावर लिहिल्याशिवाय त्याच्या कापडाला सुई लावायची नाही, अशी रीत. म्हणून कुंचीचं हिरवं खण-कापड बेतून नुसतं ठेवलेलं होतं. बारशाला सहा दिवस उरले. सातव्या दिवशी सकाळी चतुराबाईंनी हात पुसले आणि म्हणाल्या, "अवो, रेशीम काढा."

दिनकररावांना बस्ता आठवला आणि त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

त्यांनी आधी धीर दिला की शेजारून चार लड्या मागून आणू. चतुराबाई म्हणाल्या की बाकीच्या आणा, चालतील, पण मला त्या हातभर लालाशिवाय सुरुवात करता यायची नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या माहेरची रीत होती. मागच्या बाळाच्या कुंचीतलं उरलेलं रेशीम जपायचं, आणि पुढच्या बाळाचा पहिला टाका त्याच धाग्यानं घालायचा. थोडं वापरायचं, नव्यातलं थोडं त्याला गाठ मारून जोडायचं, आणि पुन्हा ठेवून द्यायचं. आईनं त्यांच्या कुंचीतला दिलेला धागा असा चालत आलेला. तो नसेल तर कुंची नाही, आणि कुंचीशिवाय बारसं म्हणजे पूर्णेहून येणाऱ्या विहिणीला काय दाखवायचं. "लय जुना हाय," त्या म्हणाल्या. "उडून पांढुरका झालाय. तोकडाच हाय. तुमी कोणत्या पुडीत घातला?"

कोणत्या पुडीत घातला ते दिनकररावांना चांगलं आठवत होतं. ते टोपी घालून बाहेर पडले.

कचेरीच्या मागं कडुनिंबाखाली राखेचा ढीग होता. तो त्यांनी आधी पाहिला आणि मग बन्सीधरला. बन्सीधर आनंदानं सांगायला लागला. औरंगाबादहून तपासनीस येऊन गेले. सगळे बस्ते मोजले. अकराशे बारा भरले, नोंदवहीतही अकराशे बारा, एकाचाही फरक नाही. तपासनीसांनी शेरा मारला की असं दफ्तर अख्ख्या सुभ्यात नाही. अहवाल मंजूर होऊन येईपर्यंत फळ्यांना लाखेची मोहोर लावून गेले. आणि मोहोर लावण्याआधी काबिले तलफ पुड्या बाहेर काढून जाळायचा हुकूम दिला.

"सगळ्या जाळल्या?" दिनकररावांनी विचारावं असं ठरवलं, आणि विचारलं नाही. राखेकडं पुन्हा पाहिलंही नाही.

अकराशे बारावा बस्ता कोणता, हे त्यांना सांगावं लागलं नाही. पूर्णेच्या फळीवर तो मोहोरेआड बसलेला दिसत होता, नवा खारवा, ताठ. आता तो काढला तर मोजणीत एक कमी. तपासनीसाची सही खोटी, नोंदवही खोटी, आणि सव्वीस वर्षांची अब्रू गेली. तो तसाच ठेवला तर घरी चतुराबाई.

व्यंकटराव वकिलांना ही हकीकत कुंपणावरूनच कळली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की पाहणाऱ्याला वाटावं, त्यांच्याकडंच नात झाली. त्यांनी आधी सुचवलं की मोहोर अलगद तापवून उचलावी आणि बस्त्यात जुनी वर्तमानपत्रं कोंबावीत. दिनकररावांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की वकिलांनी तो मुद्दा सोडला. मग ते गंभीर होऊन म्हणाले की मग मार्ग एकच, दरख्वास्त. ज्याचा हक्क त्यानं अर्ज करावा, मुहाफिजानं अभिप्राय द्यावा, साहेबांनी हुकूम द्यावा. "आन् हक्कदार तुमी न्हाईत," ते बोट वर करून म्हणाले. "रेशीम वहिनींचं हाय. वहिनींनी यावं लागतंय. तुमच्याच पाटीवर लिवलंय, दिनकरराव. मी तीनदा वाचलीय."

अर्ज त्यांनी फुकट लिहून दिला. इतक्या आनंदानं त्यांनी पैसे घेऊनही कधी अर्ज लिहिला नव्हता.

साहेबांनी अर्ज वाचला. अर्जाखाली मुहाफिजाचा अभिप्राय होता, की अर्जदार बाई मुहाफिजाच्या माहितीतल्या आहेत आणि त्यांचा दावा खरा दिसतो. साहेबांनी ओठ घट्ट मिटले. मग म्हणाले, "मैं तो अभी दे दूं. मगर कायदा आपका है, दिनकररावसाहब. बयान तो लेना पडेगा."

दहाव्या दिवशी चतुराबाई टांग्यातून कचेरीत आल्या. नऊवारी लुगडं, डोईवर पदर, सोबत पार्वतीबाई. साहेबांनी त्यांच्यासाठी चिकाचा पडदा बांधून घेतला होता आणि आत स्वतःच्या घरचा गालिचा अंथरला होता. जत्रेहून परतलेला मुंजाजी पडद्याशी उभा, कपाळभर भंडारा, डोळे जमिनीकडे. सगळं आपल्या खंडोबापायी झालं असं तो समजून चालला होता. बयान लिहायला बन्सीधर. दिनकरराव कोपऱ्यात उभे, कारण हितसंबंधी माणसानं बयानाच्या वेळी लांब राहायचं, हाही त्यांचाच नियम होता.

पहिलाच प्रश्न अडला. नाव सांगून झालं, आणि मग नमुन्यातला पुढचा रकाना, नवऱ्याचं नाव. बन्सीधरनं पुन्हा विचारलं. चतुराबाई म्हणाल्या की ते कोपऱ्यात उभे आहेत ते. बन्सीधर घाबरून म्हणाला की असं लिहिता येत नाही. पार्वतीबाई आतून म्हणाल्या की बाईमाणूस नवऱ्याचं नाव घेत नसतं, नुसतं तर मुळीच नाही. साहेबांना हे समजावून सांगण्यात पाच मिनिटं गेली. त्यांनी मान डोलावली आणि रीतीप्रमाणं घ्या म्हणाले.

पडद्याआडून घसा साफ केल्याचा आवाज आला.

"रेशमाच्या लडीला रेशमाची गाठ,
दिनकररावांनी दाखवली मला कचेरीची वाट."

कारकुनांच्या रांगेतून एक खोकल्याची लाट गेली. बन्सीधरनं लेखणी वर धरून केविलवाण्या आवाजात विचारलं की याचं उर्दू काय करू. साहेबांनी अर्थ विचारला, ऐकला, रुमालानं डोळे पुसले आणि म्हणाले की जसंच्या तसं लिहा, भाषांतराची गरज नाही. दिनकरराव भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत राहिले. घड्याळ बंद होतं.

दुसरा प्रश्न, बस्त्यात काय आहे. चतुराबाईंना सुर्ख न् सब्ज माहीत नव्हतं. त्यांनी आपल्या पद्धतीनं सांगितलं. पोपटी लडी आहे ती कमलच्या पहिल्या झबल्यावरच्या राघूंची. पिवळी आहे ती पिंगळीच्या सासूबाईंच्या चोळीची, त्यांना पिवळा आवडायचा नाही पण घालायच्या. निळी आहे ती "ह्यांच्या" टोपीची. उर्दूच्या परीक्षेला चालले तेव्हा टोपीच्या आतल्या बाजूनं एक बेलपान भरलं होतं, कोणाला दिसू नये म्हणून. दिनकररावांचा हात आपोआप टोपीकडं गेला. ती टोपी त्यांनी अकरा वर्षं घातली होती आणि आत कधी पाहिलं नव्हतं.

"आन् एक लाल हाय," चतुराबाई म्हणाल्या. "हातभर. तिला गाठी हायत. पयली माझी. दुसरी कमलची. तिसरी भुजंगाची."

बन्सीधरनं विचारलं, भुजंग कोण. कचेरीत कोणालाच माहीत नव्हतं. कमलच्या पाठीवर झालेला मुलगा, आठ महिन्यांचा होऊन गेलेला, त्याला जाऊन एकवीस वर्षं झाली होती. त्याचं नाव घरात निघत नसे. दिनकररावांनीच ते बंद केलं होतं. एका दिवशी त्याचे कपडे, पाळणा, खुळखुळा सगळं त्यांनी पिंगळीला पाठवून दिलं आणि विषय संपवला, असं त्यांना वाटत आलं होतं. चतुराबाईंच्या सुपारीच्या पिशवीत काय राहिलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. आणि ते त्यांनी आपल्या हातानं बांधून वर लिहिलं होतं, जाळायला हरकत नाही.

"मुलगा," दिनकरराव कोपऱ्यातून म्हणाले. हितसंबंधी माणसानं बोलायचं नसतं. साहेबांनी हरकत घेतली नाही.

मोहोर फोडली, बस्ता उतरला. बन्सीधर एकेक पुडी उघडून नाव वाचायला लागला. सुर्ख. त्यात नव्हता. गुलाबी. त्यात नव्हता. मुतफर्रिक निघाली, तिच्यातून चिंतामणी बाहेर आला. दिनकरराव पुड्या मोजत होते. घरी त्यांनी सतरा बांधल्या होत्या. पंधरा झाल्या. सोळा झाल्या. बन्सीधरनं खारवा झटकला आणि दिनकररावांनी डोळे मिटले.

"ही एक राहिली बगा," बन्सीधर म्हणाला. "ही मी वेगळी ठेवली होती. काबिले तलफ. जाळायच्या ढिगात टाकायला काढली, पण तिच्यावर तुमची सही नव्हती. सहीबिगर कसं जाळणार?" आणि त्यानं टेबलाच्या खणातून पुडी काढली.

पुडी उघडून पडद्याखालून आत सरकवली. थोड्या वेळानं चतुराबाईंचा हात बाहेर आला. तर्जनीच्या टोकाला सुईनं पडलेली बारीक भोकं. चाळीस तुकड्यांतून बोटांनी चाचपत त्यांनी एक उचलला, फिका, जवळजवळ पांढरा. त्याला तीन गाठी होत्या. कचेरीत कोणी खोकलं नाही.

साहेबांनी हुकूम लिहिला, बस्ता अर्जदाराला परत द्यावा. मग थांबून म्हणाले की मोजणी अकराशे बाराची आहे, ती चुकता कामा नये. म्हणून अर्ज, अभिप्राय, बयान आणि हा हुकूम असे चार कागद एका खारव्यात बांधा आणि त्याच जागी ठेवा. पूर्णेच्या फळीवर तो बस्ता बसला. पुढं पोलीस ॲक्शन झालं, निजाम गेला, कचेरीत मराठी आली, साहेब हैदराबादला परतले आणि बन्सीधर स्वतः मुहाफिज झाला. तो बस्ता मात्र बराच काळ तिथंच होता म्हणतात. नवीन आलेला एखादा कारकून उघडायचा आणि उर्दू कागदांच्या मधोमध एक उखाणा पाहून कपाळाला आठ्या घालायचा.

कुंची दोन दिवसांत झाली. पार्वतीबाईंनी एक बाजू घेतली, व्यंकटरावांच्या घरच्यांनी दुसरी, आणि व्यंकटरावांनी कुंपणावरून सल्ले. पहिला टाका चतुराबाईंनी त्या फिक्या धाग्यानं घातला. बारशाला विहीणबाईंनी कुंची उलटून सुलटून पाहिली आणि काही बोलल्या नाहीत, म्हणजे पसंत पडली. आत्यानं नाव ठेवलं म्हाळसा, कारण माळेगावच्या जत्रेच्या दिवशी जन्मली. मुंजाजीला तेवढ्यानं मोठा आधार वाटला. त्या दिवशीचं ताक घट्ट होतं.

पाहुणे पांगल्यावर चतुराबाई ओसरीवर आल्या. त्यांनी धाग्याला नवं लाल रेशीम जोडून चौथी गाठ मारली होती. धागा त्यांनी दिनकररावांपुढं धरला.

"घ्या. ठेवा तुमच्या रीतीनं."

"तुझ्या पिशवीतच राहू दे," दिनकरराव म्हणाले. "तिथं सापडतोय."

"मला सापडतोय. माझ्या मागं म्हाळसाला कसा सापडावा?"

दिनकररावांनी कोरा कागद घेतला. चार रकाने आखले. लेखणी उजवीकडून उचलली, थांबले, आणि डावीकडून लिहायला लागले. बाळबोध अक्षर त्यांनी कैक वर्षांत लिहिलं नव्हतं. ते शाळेतल्या पोरासारखं वाकडंतिकडं येत होतं. पहिल्या रकान्यात एकाखाली एक चार नावं लिहायची होती. चतुरा. कमल. तिसऱ्या नावाशी हात थांबला. चतुराबाई शेजारी बसून राहिल्या. मग त्यांनी भुजंग लिहिलं. त्याच्याखाली म्हाळसा. साल लिहिलं. अनुक्रम लिहिला. चौथ्या रकान्यात एकच शब्द लिहून कागद त्यांच्याकडं सरकवला.

चतुराबाईंनी बोट ठेवून अक्षराला अक्षर लावलं. एकेक नाव ओठांतल्या ओठांत म्हटलं. शेवटच्या रकान्यापाशी आल्या तेव्हा मोठ्यानं वाचलं.

"का-य-म."

"व्हय," दिनकरराव म्हणाले, आणि खाली सही केली.